थोरल्याची परवानगी

प्रिय भारत,

सप्रेम जयभीम.

तुझी पत्रं मिळाली. पहिली दोन मिळालीच नाहीत असं मी मायला सांगत होतो आणि तिला ते खरं वाटत नव्हतं. माझं उत्तर येईना म्हणूनच बहुतेक तू तिसरं तिच्या नावानं टाकलंस. तिला वाचता येत नाही आणि घरात वाचून दाखवणारा मीच, तेव्हा माझी चांगली पंचाईत झाली. चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचलं, की भन्तेजी आषाढी पौर्णिमेला तुला कायमची दीक्षा द्यायला तयार आहेत, पण घरच्यांची परवानगी आल्याशिवाय ते कुणाला चिवर देत नाहीत, तेव्हा माय, तू दादाला विचार. हे 'दादाला विचार' मला गाळता आलं असतं. गाळलं नाही, एवढं तरी माझ्या बाजूनं धर. माय भाकरी थापत होती. ती म्हणाली, "थोरला म्हनंल ते. बापाच्या जागी त्योच हाय." मी म्हणालो, बघू. तेव्हापासून मी बघतोच आहे, आणि आषाढी आता तोंडावर आली.

मी गप्प का, ह्याची कारणं गावानं आपापली शोधून ठेवली आहेत. कुणी म्हणतं, शेत करायला माणूस राहायचा नाही म्हणून. कुणी म्हणतं, दूध संस्थेच्या सचिवाचा धाकट्या भावावर लई जीव हाय, धाकट्याची बाईल मेल्यापासून त्याला पोरागत सांभाळलं, आता सोडवत न्हाई. हे दुसरं कारण ऐकायला बरं वाटतं, म्हणून मी त्याला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. अंजनाला मात्र खरं कारण ठाऊक आहे. बायकोपासून काही लपत नसतं. आता तुलाही सांगतो. भारत, मी तुझ्यावर जळतो. तुझ्या शेतावर नाही, तब्येतीवर नाही. तुला विहारात बसल्यावर जे मिळतं आणि मला मिळत नाही, त्याच्यावर जळतो. दोन्ही पत्रं पायजम्याच्या खिशात घेऊन मी गावभर फिरलो आणि एकाचंही उत्तर लिहिलं नाही, ते ह्यापायी.

आधी इकडची खबर देतो, नाहीतर तू म्हणशील दादाला स्वतःशिवाय दुसरं काही सुचत नाही. मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच चालल्या. बहात्तरनंतर असं वर्ष पाहिलं नाही असं म्हातारी माणसं म्हणतात. बहात्तर साली आपण दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतो, तू माझ्या पाठीमागं तिथं वाटलेली सुकडी खात बसायचास, तेवढं मला आठवतं. टँकर एक दिवसाआड येतो आणि आला की बायकांचा आवाज पार नांदूरघाटच्या रस्त्यापर्यंत जातो. दूध संस्थेत सकाळी कॅन वाजतात, पण निम्मे रिकामे वाजतात. आपली म्हैस आटली. जनावरांची छावणी अजून चालू आहे, पाऊस पडल्याशिवाय बंद करायची नाही असं चेअरमन अर्जुनरावांनी ठरवलंय. मायचे गुडघे दुखतात, पण बोलणं चांगलं चाललंय.

छावणीचं नाव निघालंच आहे तर माझी पहिली जळजळ तिथली, ती सांगून टाकतो. ती छावणी उभी कुणी केली? मी. बीडला हेलपाटे कुणी घातले? साहेब जेवायला गेलेत, साहेब दौऱ्यावर गेलेत, हे ऐकत बाकावर कोण बसलं? उसाच्या वाढ्यांच्या ट्रकपुढं उभं राहून सगळ्या गावाच्या शिव्या कुणी खाल्ल्या? आणि तू काय केलंस, तर उघड्या अंगानं शेण ओढलंस, बसकण मारलेल्या गायींच्या पोटाखाली पोती घालून त्यांना उभं केलंस, आणि जनावरांशी गप्पा मारत तिथंच झोपलास. डोंगराकडून आलेली ती दगडाबाई धनगरीण, जिची तांबडी गाय आज मरते का उद्या अशी होती, तिनं परवा जाताना संस्थेच्या दारात उभं राहून सांगितलं, "भारत व्हता म्हून माझं जित्राब जगलं, बाबा." माझ्याकडं बघून सांगितलं. मी म्हणालो, हो ना. वाढ्यांचा ट्रक काय आभाळातून पडला होता काय, हे ओठावर आलं होतं, ते गिळलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो तू, असं मी तिची पाठ वळल्यावर अंजनाला म्हणालो. अंजना म्हणाली, "नागोबानं शेन काढल्यालं मी तरी कुटं ऐकलं न्हाई." तेव्हापासून ही म्हण मी बंद केली आहे.

पण छावणीचं एक वेळ जाऊ दे. धम्माच्या बाबतीत तरी मी थोरला राहीन असं मला वाटत होतं. छप्पन साली आपल्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा तू पोटातही नव्हतास. खंडोबा-मरीआईचे टाक त्यांनी गोधडीत बांधून नदीला नेले, तेव्हा त्यांचं बोट धरून मी चाललो होतो. वंदना मी छडी खाऊन पाठ केली. पाली शब्द चुकला की वडील हातावर द्यायचे, आणि आज अख्ख्या तालुक्यात माझ्याइतकं शुद्ध कुणी म्हणत नाही, हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. बरं, मीही म्हणतो. तू मात्र वंदनेला हसायचास. आठवतं का, वडील गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला सगळे डोळे मिटून बसलेले, आणि तुला झोप लागून तू चक्क घोरलास. मी कोपर मारलं तर डोळे चोळत सगळ्यांदेखत म्हणालास, "दादा, लई गार वाटलं, डोळा लागला." लोक हसले. म्हाताऱ्या बायका तर कौतुकानं हसल्या. मी त्या दिवशी अष्टशील धरलं होतं, दुपारपासून पोटात अन्न नव्हतं, पाठ ताठ ठेवून बसलो होतो, आणि माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. हे मला कसं कळलं म्हणशील, तर मी ध्यानाला बसलो की एक डोळा किलकिला ठेवतो. कोण कोण बघतंय ते दिसतं.

मग वैशाखात तू ते थोडे दिवस चिवर घालून राहायचं श्रामणेर शिबिर धरलंस. मला विचारलंस तेव्हा मी मोठ्या मनानं म्हणालो, जा, तेवढीच शिस्त लागेल. चार दिवसांत पळून येईल असं मी संस्थेत सांगून ठेवलं होतं. तू पळाला नाहीसच, उलट ती तुमची श्रामणेरांची रांग भिक्षेला आपल्याच गावात आली. सकाळचं ऊन तापायला लागलेलं, तुमची डोकी तुळतुळीत, चिवर अजून अंगावर नीट बसत नव्हतं, आणि तू शेवटून दुसरा, खाली मान घालून, पात्र दोन्ही हातांत धरून. मी तुला ओळखलंच नाही. म्हणजे ओळखलं, पण हा आपला भारत आहे हे मन मानेना. गल्लीतली माणसं दारात ओणवी होत होती. ज्या बबनरावाशी तुझी चिंचेच्या झाडावरून हाणामारी झाली होती, त्यानं तुझ्यापुढं कपाळ टेकलं. आणि मग आपली माय. तिच्या गुडघ्यांची काय गत आहे ते तुला माहीत आहे. तिनं भिंतीला धरून स्वतःला खाली सोडलं, पोटच्या पोरापुढं मातीत डोकं ठेवलं, आणि उठली तेव्हा तिचं तोंड असं उजळलं होतं की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. मी संस्थेचा सचिव झालो तेव्हा नाही, मला मुलगा झाला तेव्हा नाही.

मी काय करत होतो ते तू खाली मान असूनही पाहिलं असशील. पाय धुवायला पाण्याची घागर मी घेतली होती. टँकरचं पाणी, जपून वापरायला जबाबदार माणूस हवा, असं सांगून मीच ती उचलली होती, आणि शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. ठेवली असती तर हात मोकळे झाले असते, आणि मोकळे हात जोडावे लागले असते. अंजना दोनदा हळूच म्हणाली, "अवो, ठिवा की खाली." मी म्हणालो, सांडंल. तू माझ्यापुढं थांबलास. मी तुझ्या पायांवर पाणी घातलं, गरजेपेक्षा जास्तच घातलं, आणि तुझ्या घोट्यावरची ती कुऱ्हाडीची जुनी खूण पाहत राहिलो. तू पुढं गेलास. रांग लांब गेल्यावर माझे दंड भरून आले होते, आणि माय माझ्याकडं नुसतं बघत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

शिबिर संपलं, चिवर उतरवून तू घरी आलास, पुन्हा शेण काढायला लागलास. मला वाटलं, सुटलो. तर रविवारच्या वंदनेला लोकांनी तुलाच उभं केलं, की काय शिकलास ते सांग. मी पुढच्या रांगेत. आता हा उच्चार कुठं चुकतो ते टिपायचंच म्हणून कान टवकारून बसलो होतो. तू म्हणालास, "मला अजून कायबी कळलं न्हाई. पण तितं बसलं की कुनाचा राग येत न्हाई. मला तितंच ऱ्हावं वाटतंय." एवढं बोलून खाली बसलास. लोक डोळे पुसायला लागले! मी वर्षावासात तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतो, अर्थ फोडून सांगतो, घसा बसेपर्यंत सांगतो, आणि माझ्या वाचनात माणसं जांभया देतात. तुझ्या तीन वाक्यांना रडली. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. अष्टशील नव्हतं, नुसता राग होता.

आता पुढचं तुला कुणी सांगितलं नसेल. भन्तेजींनी सांगितलं नसणार, त्यांचा तो स्वभाव नाही. तू भन्तेजींच्या विहारात राहायला गेलास आणि परवानगीची पत्रं यायला लागली, तेव्हा माझ्या मनात एक गणित आलं. संघात वयाचा मान नाही, दीक्षेचा आहे. ज्यानं आधी चिवर घेतलं तो थोरला, मागून येणारा वयानं बापाएवढा असला तरी त्यानं वाकायचं, आणि जन्मभर वाकायचं. मी म्हटलं, ठीक आहे. तुझी परवानगी माझ्याच हातात आहे. ती आषाढीपर्यंत दाबून ठेवायची, आणि तेवढ्यात आपणच जाऊन दीक्षा घ्यायची. मग तू कधीही ये, थोरला मीच. विहारातसुद्धा थोरला मीच! ह्यातली गंमत अशी, की शाक्यांच्या राजपुत्रांनी आपला गर्व जिरावा म्हणून आपल्या न्हाव्याला आधी दीक्षा द्यायला लावली, ती गोष्ट मी दर वर्षावासात रंगवून सांगतो. राजपुत्र न्हाव्यापुढं वाकतात तिथं मी आवाज मुद्दाम हलका करतो. तीच गोष्ट उलटी करून मी धारूरच्या एसटीत बसलो आणि वाटेत एकदाही ती मला आठवली नाही.

तू त्या दिवशी चकलांब्याच्या कार्यक्रमाला गेला होतास, ते मी आधी चौकशी करून ठेवलं होतं. घाट चढून विहारात पोचलो, इस्त्रीचे पांढरे कपडे घामानं चिकटलेले. भन्तेजी रांजणाला फडकं बांधत होते. मी म्हणालो, मला दीक्षा घ्यायची आहे, आषाढीच्या आधी. त्यांनी बसायला चटई दिली, पाणी दिलं, आणि बराच वेळ फडक्याची गाठ मारत राहिले. मग म्हणाले, "उपासक, घरी विचारलंत?" मी म्हणालो, मला कोण नको म्हणणार. ते म्हणाले, "तुम्हाला आई आहे, बायको आहे. त्यांची परवानगी आणा. आणि भारतची तुमच्याकडं राहिलीय म्हणे. दोन्ही एकदमच घेऊन या." चेहऱ्यावर हसू नाही की रागाची आठी नाही. मी 'हो भन्ते' म्हणून उठलो. येताना तुझी खोली पाहिली. दोरीवर तुझा सदरा वाळत होता, त्याचा एक हात उलटाच राहिला होता. नेहमीसारखाच. तो सरळ करायला हात पुढं गेला होता, मी मागं घेतला.

घरी येऊन दोघींना समोर बसवलं आणि गंभीर आवाजात सांगितलं, की मला संसाराचा वीट आला आहे, मी भिक्खू होणार. अंजना आधी घाबरली, मग माझ्याकडं नीट बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "व्हा की," म्हणाली, "पन तितं चिवराला इस्त्री कोन करनार हाय? पान्याचं ठिकान न्हाई आन् हे रोज परीटघडी मागतेत." मी तिच्यावर ओरडलो. संसाराचा वीट आलेला माणूस बायकोवर इतका ओरडत नसतो, हे ओरडतानाच माझ्या ध्यानात आलं. माय हसली नाही. ती गुडघ्याला तेल चोळत होती. तिनं वर न बघता विचारलं, "निवृत्ती, तुला बुद्धाकडं जायाचंय, का भारताच्या म्होरं जायाचंय?"

मी उठून बाहेर गेलो. छावणीपर्यंत चालत गेलो, जनावरांमध्ये उभा राहिलो. म्हाताऱ्या बाईनं एका वाक्यात मला नागडं केलं होतं आणि भांडायला जागा ठेवली नव्हती. तिचं खोटं आहे असं स्वतःला सांगून बघितलं, जमलं नाही. मग ठरवलं, आधी मन स्वच्छ करायचं, भारतचा मत्सर धुऊन काढायचा, आणि मग खुशीनं, मोठ्या मनानं परवानगी लिहायची. त्याशिवाय लिहिलेली परवानगी म्हणजे ढोंग. झालं, लागलो कामाला. पहाटे उठून वंदना, संध्याकाळी ध्यान, वर आणखी एक उपास. दोन्ही डोळे घट्ट मिटून बसलो, मायशपथ. आत बघावं तर तूच, पात्र घेऊन उभा. शेवटी एका संध्याकाळी आपल्या गावच्या विहारात एकटाच असताना मी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढं मोठ्यानं म्हणालो, की मी भारतवर जळतो, आणि हे जात नाही. कुणी ऐकायला नव्हतं. इतक्या वर्षांत त्या जागी मी कुणाला ऐकू जावं म्हणून न बोललेलं तेवढं एकच वाक्य. उच्चार कसा होता ते आठवत नाही.

तर भारत, परवानगी देतो. मन अजून राजी नाही, हे तुला ठाऊक असू दे. ते राजी होईपर्यंत थांबलो तर तुझे केस आपोआप गळतील आणि न्हाव्याला काम उरणार नाही. आजही तुझं नाव कुणी कौतुकानं घेतलं की मला लागतं, आषाढीला तुझ्या अंगावर चिवर चढेल तेव्हाही लागेल, बहुतेक पुढंही लागत राहील. लागू दे. मायनं खाली अंगठा दिलाय. तिला मी घेऊन येतो, आणि भन्तेजींपुढं तोंडानंही सांगतो, की हा आमचा भारत, आम्ही ह्याला धम्माला दिला. माझ्या दीक्षेचं त्यांना म्हणावं राहू द्या, अंजनानं नामंजूर केली.

नुसती परवानगी एका पोस्टकार्डावर मावली असती. काल कार्डच घेऊन बसलो होतो. 'प्रिय भारत' लिहिलं आणि एकदम ध्यानात आलं, की हे आता शेवटचंच. आषाढीनंतर तुला लिहायचं तर 'पूज्य भन्ते' लिहावं लागेल. 'आपण' म्हणावं लागेल. म्हैस आटली हे कळवावं की नाही ह्याचा विचार करावा लागेल, आणि तुझ्यावर जळतो असं तर कधीच लिहिता यायचं नाही. माय रानात खुरपायला गेली की तुला कडेवर घेऊन फिरायचो, तेव्हापासून मी तुला अरे-तुरे करत आलो, ते आता संपलं. म्हणून कार्ड बाजूला ठेवलं, संस्थेतून कागद आणले, आणि गरज नसताना म्हशीपासून बबनरावापर्यंत सगळं लिहीत बसलो. लिहीत होतो तोवर तू माझा धाकटा भाऊ होतास. माय दारातून ओरडते आहे, पोस्टाची पिशवी निघाली म्हणून.

तुझाच,
दादा